पीएचडीची फेलोशिप : आकडा कळतो, पैसे हातात कसे येतात ते कोणी सांगेल का?

लेणेकरी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. माझी भाची नांदेडला असते. इतिहासात एम.ए. झालं, गुण चांगले आहेत. यूजीसी-नेटमध्ये, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत, जेआरएफ (त्या परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप) थोडक्यात हुकली आणि निकालात ती 'फक्त पीएचडी प्रवेशासाठी' पात्र ठरली. निजामाच्या काळात मराठवाड्यातल्या बाजारपेठा आणि कापसाचा व्यापार कसा चालायचा, यावर तिला काम करायचं आहे. एका चांगल्या मार्गदर्शकांनी तोंडी होकारही दिला आहे.

घरची परिस्थिती सांगते. वडिलांचं किराणा दुकान आहे, पाठीमागे एक भाऊ शिकतोय. ओबीसी आहेत, नॉन-क्रिमिलेअर निघतं. पाच-सहा वर्षं घरातून खर्च होणं अशक्य आहे. घरात दोन मतं पडली आहेत. वडील म्हणतात, आधी जेआरएफ काढ, मगच नाव नोंदव. तिला आत्ताच प्रवेश घ्यायचा आहे.

मी स्वतः बँकेत नोकरी करते, या जगातलं मला काही कळत नाही. कोणती फेलोशिप किती रुपयांची, हे सगळीकडे लिहिलेलं सापडतं. ती प्रत्यक्षात कशी मिळते, कशी टिकते आणि कुठे अडकते, हे ज्यांनी अनुभवलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. पोरगी खरोखर हुशार आहे. पैशांच्या गोंधळात तिचं संशोधन राहून जाऊ नये एवढीच इच्छा.

---

सातपाटी

ताई, तुमची भाची बरोबर आहे. प्रवेश मिळत असेल तर घ्यावा. जेआरएफसाठी थांबायचं म्हणजे परीक्षेच्या वेळापत्रकावर आयुष्य टांगून ठेवणं. २०२४ च्या जूनमधलं आठवा. १८ तारखेला देशभर नेट झाली, १९ तारखेला रद्द झाली, आणि फेरपरीक्षा २१ ऑगस्टला सुरू झाली. त्या मुलांचे ते महिने कोणी भरून दिले नाहीत.

पीएचडीला नोंदणी झाल्यावरही नेट देता येते. परीक्षा वर्षातून दोनदा असते. नंतर जेआरएफ मिळाली तर त्याच संशोधनावर ती सुरू करता येते. आधीच्या महिन्यांचे पैसे मिळत नाहीत, इतकंच. वयाची अट ३० वर्षांची आहे, ओबीसी नॉन-क्रिमिलेअर आणि महिलांना पाच वर्षांची सवलत आहे. तेव्हा तिच्या हाताशी वेळ आहे.

दुसरी बाजूही बघा. 'फक्त पीएचडी प्रवेश' या गटातले गुण एका वर्षापुरतेच ग्राह्य असतात. २०२४ पासून यूजीसीने नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के असा भार ठरवला आहे. वर्ष वाया घालवलं तर हे गुणही जातील. तिचं विद्यापीठ नेटचे गुण धरतं की स्वतःची पेट (पीएचडी प्रवेश परीक्षा) घेतं, तेवढं आजच विचारून घ्या.

आकडे एकदा मांडतो, कारण वडिलांना ते दाखवावे लागतील. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ दरमहा ३७,००० आहे. दोन वर्षांनी समितीने काम तपासून शिफारस केली की एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ संशोधन फेलोशिप, दरमहा ४२,०००. एकूण मुदत पाच वर्षं. २४ महिने आणि ३६ महिने धरून बेरीज बरोबर २४ लाख होते. वसतिगृहात राहत नसेल तर शहराच्या वर्गवारीप्रमाणे घरभाडे भत्ता वेगळा. मानव्यविद्येला आकस्मिक खर्चासाठी पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० आणि पुढे २०,५०० मिळतात.

हा आकडा आपोआप इथवर आलेला नाही. २०१० मध्ये जेआरएफ १६,००० होती, २०१४ च्या अखेरीस २५,००० झाली आणि २०१९ च्या जानेवारीपासून ३१,०००. दर वेळी देशभरातली संशोधक मुलं प्रयोगशाळा सोडून रस्त्यावर आली तेव्हाच वाढ झाली. २०१८ च्या मोर्चांत मी पुण्यात होतो. आमच्यापैकी अनेकांनी पहिल्यांदाच हातात फलक धरला होता, आणि त्या वाढीचा फायदा आमच्यापेक्षा आमच्यानंतर आलेल्यांना जास्त झाला. याचा मला आजही अभिमान वाटतो.

---

टपालपेटी

लेणेकरी ताई, तुम्ही विचारलेला प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, म्हणून वेळ काढून लिहितोय. मी एका विद्यापीठाच्या शिष्यवृत्ती कक्षात बरीच वर्षं काम करतो आहे. टेबलाच्या अलीकडून जे दिसतं ते सांगतो.

फेलोशिप मंजूर होणं आणि खात्यात पैसे जमा होणं यांच्यामध्ये दर महिन्याला एक पायरी असते. यूजीसीच्या फेलोशिपचं वाटप पोर्टलवरून होतं. संस्थेत एक 'मेकर' असतो आणि एक 'चेकर'. संशोधक या महिन्यात हजर होता, काम चालू आहे, घरभाड्याला पात्र आहे की नाही, हे मेकर भरतो. चेकर तपासून पुढे पाठवतो. त्यानंतर कॅनरा बँकेमार्फत पैसे थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात जातात. या दोघांपैकी एक जण रजेवर गेला, बदलून गेला, निवृत्त झाला आणि त्याच्या जागी नाव बदललं नाही, तर त्या संस्थेतल्या सगळ्यांचा महिना थांबतो. दिल्लीत कोणी फाइल अडवलेली नसते. पैसे शेजारच्या इमारतीत अडकलेले असतात.

म्हणून प्रवेश घेण्याआधी भाचीला तीन ठिकाणी जाऊन चौकशी करायला सांगा. विभागात सध्या फेलोशिप घेणाऱ्या दोन-तीन सीनियर मुलांना विचारावं, की मागच्या वर्षभरात पैसे किती महिने उशिरा आले. संशोधन केंद्रात विचारावं, की मेकर-चेकर कोण आहेत. हे फार महत्त्वाचं आहे, कारण तिचं संशोधन केंद्र विद्यापीठाच्या आवारात असेल तर एक साखळी आणि संलग्न महाविद्यालयात असेल तर दुसरी. काही महाविद्यालयांची पोर्टलवर नोंदणीच झालेली नसते, आणि ती करून घेण्यातच पहिलं सत्र संपतं. तिसरं, मार्गदर्शकांना विचारावं, की मासिक हजेरीवर ते सही नियमित करतात का. हा प्रश्न विचारायला मुलं लाजतात. लाजू नये. चांगले मार्गदर्शक स्वतःच सांगतात की महिन्याच्या पंचवीस तारखेला माझ्याकडे ये.

कागदांचं सांगतो. रुजू अहवालावरची तारीख, नोंदणीपत्रावरची तारीख आणि फेलोशिपच्या पत्रावरची तारीख एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. आधारवरचं नाव, बँकेतलं नाव आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव एकच हवं. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये लिहायची पद्धत आहे. कुठे ते पूर्ण असतं, कुठे नुसतं आद्याक्षर, कुठे आडनाव आधी. एवढ्या फरकावरून खातं जुळत नाही आणि पोरगी बँक ते विद्यापीठ खेपा मारत बसते. हे आजच दुरुस्त करून घ्या.

सर्वांत जास्त मुलं कुठे अडकतात ते सांगून थांबतो. दोन वर्षं पूर्ण झाली की जेआरएफवरून एसआरएफवर जायला समिती बसावी लागते. समितीत बाहेरचा तज्ज्ञ लागतो. त्याची तारीख मिळत नाही, विभागप्रमुख बैठक लावत नाहीत, आणि मुलगी जुन्याच दराने पैसे घेत राहते किंवा तेही थांबतात. फेलोशिपच्या अठराव्या-विसाव्या महिन्यातच लेखी अर्ज द्यावा. पोच घ्यावी. पोच हा शब्द मी मुद्दाम लिहितोय. तोंडी सांगितलेलं आमच्या कक्षात टिकत नाही.

---

सातपाटी

टपालपेटी, विसाव्या महिन्याचा मुद्दा माझ्या बॅचमधल्या प्रत्येकाने भिंतीवर लावायला हवा होता. मनापासून आभार.

---

तेरणाकाठ

मी धाराशिवचा, समाजशास्त्रात पीएचडी करतोय. राज्याच्या संस्थांबद्दल लिहितो, कारण तुमच्या भाचीला ते दार उघडं आहे.

महाराष्ट्रात बार्टी अनुसूचित जातींसाठी, सारथी मराठा-कुणबी समाजासाठी आणि महाज्योती ओबीसी, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गासाठी आहे. तिघांच्याही संशोधन फेलोशिप आहेत. बार्टीची बाबासाहेबांच्या नावाने, सारथीची शाहू महाराजांच्या नावाने, महाज्योतीची जोतिबांच्या नावाने. दर साधारण यूजीसीच्या धर्तीवर. भाचीसाठी महाज्योती. कार्यालय नागपूरला, अर्ज ऑनलाइन.

पण ताई, या फेलोशिपचा गेल्या काही वर्षांचा इतिहास तुम्हाला माहीत असायला हवा. बार्टीच्या ८६१ संशोधकांना फेलोशिप मिळावी म्हणून २०२३ मध्ये मुंबईत आझाद मैदानावर मुलं दिवसेंदिवस बसली होती. आधी त्यांच्यातल्या २०० जणांनाच देणार असं ठरलं होतं. त्याच वर्षी तिन्ही संस्थांना समान धोरण आणि जागांची मर्यादा आली. निवडीसाठी सामायिक चाचणी ठेवली, ती २४ डिसेंबर २०२३ ला झाली. प्रश्नपत्रिका २०१९ च्या सेटचीच (राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा) निघाली. परीक्षा रद्द करावी लागली. १० जानेवारी २०२४ ला पुन्हा घेतली, तेव्हा प्रश्नपत्रिकांच्या सीलवरून मुलांनी अनेक केंद्रांवर बहिष्कार टाकला.

मी हे सांगतोय ते घाबरवायला नाही. या संस्थांनी गावाखेड्यातल्या हजारो घरांतली पहिली पीएचडी घडवली आहे. माझ्या ओळखीत ऊसतोड कामगारांची मुलगी आहे, तिने राज्याच्या फेलोशिपवर प्रबंध पूर्ण केला. ही फेलोशिप नसती तर ती आज कोयता घेऊन कारखान्यावर असती. म्हणूनच या योजना दर वर्षी वेळेवर, ठरलेल्या महिन्यात जाहीर व्हायला हव्यात. जाहिरात कधी येईल हे माहीत नसणं, ही सर्वांत मोठी शिक्षा आहे. मुलं नोंदणी करतात, जाहिरातीची वाट बघतात, तोवर तासिका तत्त्वावर कुठे तरी शिकवतात. या तासिकांचे पैसे सत्र संपल्यावर येतात. फेलोशिप मिळाल्यावर ती नोकरी सोडावी लागते, आणि फेलोशिपचा पहिला हप्ता येईपर्यंत दोन्हीकडून हात रिकामे. माझ्या बाबतीत हे झालं. माझ्या आईने तेव्हा शेळ्या विकल्या.

प्रवेश घेताना पहिल्या सहा-आठ महिन्यांचा खर्च बाजूला असायला हवा. वडिलांशी बोलताना हाच मुद्दा मांडा. पाच वर्षांचा खर्च त्यांना करावा लागणार नाही, पण सुरुवातीचा काळ कोणी तरी उचलावाच लागेल.

आणखी एक दार. ओबीसींसाठी केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप आहे, वर्षाला १,००० जागा. त्यातल्या ७५० नेटच्या विषयांना आणि २५० विज्ञानाकडे. जेआरएफच्या खाली राहिलेल्या मुलांना तिथे संधी मिळते. नेटचा अर्ज भरतानाच त्याचा पर्याय असतो, तो नीट वाचून भरायचा. सायबर कॅफेत घाईघाईने भरलेल्या अर्जांत हा रकाना रिकामा राहतो, मी कितीदा पाहिलंय.

---

स्पष्टवक्ता

चर्चा चांगली चालली आहे, पण एक प्रश्न कोणी तरी विचारायलाच हवा. एका व्यक्तीवर २४ लाख रुपये, तेही निजामकाळातल्या बाजारपेठांच्या अभ्यासासाठी. हा करदात्यांचा पैसा आहे. विज्ञान-तंत्रज्ञानाला द्या, समजू शकतो. पंतप्रधान संशोधन फेलोशिपमध्ये ७०,००० पासून ८०,००० पर्यंत देतात, वर्षाला दोन लाखांचं संशोधन अनुदान वेगळं. तिथून काही तरी निघेल. प्रत्येक जिल्ह्यातून इतिहास आणि साहित्यात पीएचडी करून नोकऱ्या कुठे आहेत? प्राध्यापक भरती तर वर्षानुवर्षं रखडते. मुलांना खोटी आशा दाखवतोय असं मला वाटतं.

---

जुनीपाटी

स्पष्टवक्ता, प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. मी इतिहास शिकवून निवृत्त झालो.

मराठवाड्यात कापूस पिकवणारा शेतकरी आज ज्या बाजार समितीत उभा राहतो, ती व्यवस्था कोणत्या आडत-दलालीतून आली, सावकारीचे व्यवहार कसे लिहिले जायचे, संस्थानात कर कसा वसूल व्हायचा, याचे कागद हैदराबादच्या पुराभिलेखागारात उर्दू-फारसीत पडून आहेत. पेशवे दफ्तरातले कोट्यवधी कागद मोडीत आहेत. ते वाचणारी माणसं दर वर्षी कमी होत आहेत. एक मुलगी पाच वर्षं बसून मोडी आणि उर्दू शिकणार असेल, तर ते काम दुसरं कोण करणार? कोणतीही कंपनी त्यासाठी पगार देणार नाही. समाजालाच तो खर्च उचलावा लागतो.

नोकऱ्यांबद्दल तुमचं दुःख माझंही आहे. रिक्त जागा भरल्या जात नाहीत हा सरकारचा दोष आहे. त्यासाठी संशोधन बंद करणं म्हणजे विहिरीला पाणी आहे पण दोर नाही म्हणून विहीरच बुजवणं.

आता थोडा इतिहास. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. त्या बदल्यात परत येऊन दहा वर्षं बडोदा संस्थानची सेवा करायचा करार होता. त्या पैशांवर ते कोलंबिया विद्यापीठात शिकले. अर्थशास्त्रात, समाजशास्त्रात, इतिहासात, मानववंशशास्त्रात. आजच्या हिशेबाने 'काही निघणार नाही' अशाच विषयांत. पुढे ते लंडनला गेले आणि तिथे शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये पुन्हा जायला १९२० उजाडलं. तेव्हा सिडनहॅम महाविद्यालयातल्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचं कर्ज, असं सगळं जमवावं लागलं. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये पूर्ण झाला.

मुदत आणि काम यांची गाठ सुटली की काय होतं, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. त्या माणसाने ते पार केलं. प्रत्येकाला शाहू महाराज आणि भथेना भेटत नाहीत. म्हणून व्यवस्था नीट चालली पाहिजे.

---

स्पष्टवक्ता

सर, विस्ताराने उत्तर दिलंत, आभारी आहे. भरतीबद्दल माझं मत कायम आहे. कागद वाचणारी माणसं हवीत हे मान्य.

---

गिरणगाव

केंद्रीय विद्यापीठांचा मुद्दा राहिला. जेआरएफ नसलेल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना केंद्रीय विद्यापीठांत नॉन-नेट फेलोशिप मिळते, दरमहा ८,०००. ही रक्कम दहा वर्षांहून अधिक काळ तेवढीच आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये यूजीसीने ती बंद करायचं ठरवलं, तेव्हा दिल्लीत यूजीसीच्या कार्यालयाबाहेर विद्यार्थ्यांनी मुक्काम ठोकला आणि ती वाचली. आपल्या राज्य विद्यापीठांना ही योजना लागू नाही. नांदेड, संभाजीनगर, मुंबई, पुणे, कुठेच नाही. महाराष्ट्रात केंद्रीय विद्यापीठ म्हणजे वर्ध्याचं हिंदी विश्वविद्यालय. शेजारी हैदराबाद विद्यापीठ आहे, आणि तिच्या विषयाचं अभिलेखागार त्याच शहरात आहे. तिने तिथेही अर्ज करावा असं मला ठामपणे वाटतं. ८,००० मध्ये चैन होणार नाही, पण वसतिगृह, खानावळ, ग्रंथालय आणि कागदपत्रं एका शहरात मिळतील. जेआरएफ मिळाली की ही सोडून ती घ्यायची. दोन फेलोशिप एका वेळी घेता येत नाहीत. महिने एकमेकांवर आले तर पैसे परत करावे लागतात.

आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेची डॉक्टरल फेलोशिपही बघा, दरमहा २०,००० आणि वर्षाला २०,००० आकस्मिक खर्च. सामाजिक इतिहासाला ती चालते. आयसीएचआर तर इतिहासाचीच संस्था आहे, तिची रक्कम जेआरएफपेक्षा कमी, पण नोंदणी झालेल्या विद्यार्थ्याने अर्ज करायलाच हवा.

मौलाना आझाद फेलोशिप अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी होती, ती २०२२-२३ पासून बंद केली. माझ्या दोन मैत्रिणी त्याच वर्षी अर्ज करणार होत्या. दोघींनीही पीएचडी सोडली. हे इथे नोंदवून ठेवते.

---

हिवाळी

मी अमेरिकेत, मिशिगन राज्यात पीएचडी करतेय. बाहेर जाण्याचा विचार कोणी करत असेल तर म्हणून लिहिते.

इथे पीएचडीला प्रवेश मिळतो तेव्हाच पत्रात पैशांचं लिहिलेलं असतं. शिक्षणशुल्क माफ, आरोग्य विमा आणि दरमहा मानधन. मानधन तीन प्रकारे येतं. फेलोशिप असेल तर काम करावं लागत नाही. टीचिंग असिस्टंटशिप असेल तर शिकवणं आणि पेपर तपासणं. रिसर्च असिस्टंटशिप असेल तर प्राध्यापकांच्या प्रकल्पावर काम. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर काम करता येत नाही. पत्र वाचताना मानधन नऊ महिन्यांचं आहे की बारा, हे आधी बघा. उन्हाळ्याचे तीन महिने कोरडे गेले तर इथलं भाडं भरणं फार जड जातं. शुल्कमाफी असली तरी विद्यापीठ इतर फी कापतं, ती किती तेही विचारा.

बहुतेक विद्यापीठांनी मान्य केलेला एक नियम विद्यार्थ्याच्या बाजूचा आहे. पैशांसह आलेल्या प्रस्तावावर १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायची सक्ती करायची नाही. कोणी फेब्रुवारीत 'दोन दिवसांत कळवा' म्हणालं तर नम्रपणे ही तारीख सांगावी.

पण आत्ताचा काळ कठीण आहे. २०२५ च्या सुरुवातीला केंद्रीय संशोधन अनुदानं कापली गेली, अनेक विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या, काहींनी दिलेले प्रस्ताव मागे घेतले. हाती आलेलं पत्रही तपासून घ्यावं लागतं अशी वेळ आहे. आणि मानधन इथेही मागून मिळवावं लागतं. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातले ४८,००० शैक्षणिक कर्मचारी, म्हणजे बहुतांश पीएचडीचे विद्यार्थीच, संपावर गेले. सहा आठवड्यांनी वेतनवाढीचा करार झाला. सातपाटींनी पुण्याचं लिहिलं ते वाचताना मला तेच आठवत होतं.

---

फ्रायबुर्ग

जर्मनीत पीएचडीचा विद्यार्थी बऱ्याचदा नोकरदार असतो. करारपत्र, पगाराची श्रेणी, निवृत्तिवेतन, आरोग्य विमा, रजा. मानव्यविद्येत अर्ध्या किंवा ६५ टक्के जागेचा करार मिळतो, काम मात्र पूर्ण वेळ होतं. डाड या जर्मन शैक्षणिक विनिमय संस्थेच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या. इतिहासासाठी भाषा आधी, अर्ज नंतर.

---

लेणेकरी

सगळ्यांचे किती आभार मानू! हा धागा छापून मेहुण्यांना वाचायला दिला. टपालपेटींचं आणि तेरणाकाठांचं त्यांनी दोनदा वाचलं. सुरुवातीच्या महिन्यांचा खर्च मी आणि माझी बहीण मिळून उचलू असं ठरलं. तेरणाकाठ, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

आता दोन प्रश्न. हैदराबादला राहून कागद बघायचे तर प्रवासाचे पैसे कशातून? आणि दुसरा जरा घरगुती आहे, पण विचारते. तिचं लग्न पुढच्या दोन-तीन वर्षांत होईल असं घरचे म्हणतात. मूल झालं तर फेलोशिपचं काय होतं? ही शंका घेऊनच मुलींना मागे ठेवतात, म्हणून नियम माहीत असलेला बरा.

---

जुनीपाटी

प्रवास आणि छायाप्रती आकस्मिक खर्चातून करता येतात. पावत्या सांभाळाव्यात. अभिलेखागारात जाताना विभागाचं परिचयपत्र आणि संशोधनाचा विषय लिहिलेलं पत्र सोबत ठेवावं, नाहीतर पहिला दिवस परवानगीतच जातो. पहिल्या वर्षी कोर्सवर्क असतं, त्या सुट्टीत एक छोटी फेरी मारून कोणते कागद आहेत त्याची यादी करावी. लांबचा मुक्काम दुसऱ्या वर्षी. आणि उर्दू आजपासून सुरू करा. मोडीचे वर्ग पुराभिलेख विभाग आणि काही संस्था घेतात, तिने तेही करून ठेवावं.

---

टपालपेटी

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. ताई, चांगलं केलंत विचारलंत. यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या पीएचडी नियमावलीत महिला संशोधकांना संपूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा आहे. पीएचडीची कमाल मुदत सहा वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि महिलांना त्यावर दोन वर्षांची जादा सवलत आहे. म्हणजे पदवी हातची जात नाही.

लक्ष इथे द्यायचं. पदवीची मुदत वाढली म्हणून फेलोशिपची मुदत वाढत नाही. ती पाच वर्षांचीच. त्यामुळे लेखनाची शेवटची वर्षं बिनपैशांची जाऊ नयेत असं वेळापत्रक पहिल्याच वर्षी मार्गदर्शकांसोबत बसून करावं. रजेचा अर्ज रजेवर जाण्याआधी, मार्गदर्शक आणि विभागप्रमुखांच्या सहीने, वैद्यकीय प्रमाणपत्रासह द्यावा. रजेच्या महिन्यांतही पोर्टलवर मासिक नोंद करावी लागते. मेकरला रजेचा आदेश मिळालेला नसेल तर तो 'गैरहजर' भरतो, आणि ते सुधारायला पुढे फार पत्रव्यवहार लागतो. आदेशाची प्रत स्वतः नेऊन द्यावी.

---

गिरणगाव

माझी मैत्रीण याच परिस्थितीतून गेली. रजेवरून परत आल्यावर पुन्हा रुजू झाल्याचा अहवाल देणंही तितकंच गरजेचं आहे. तो दिला नाही तर संस्थेच्या लेखी ती रजेवरच राहते. बाळाला घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या कार्यालयात जायला लागू नये म्हणून विभागातल्या मुलींनी तिचा अहवाल नेऊन दिला आणि पोच फोटो काढून पाठवली. भाचीला विभागात अशी दोन-चार माणसं जोडायला सांगा.

---

तेरणाकाठ

ताई, नमस्कार आईला सांगितला. महाज्योतीच्या संकेतस्थळावर फेलोशिपची जाहिरात आली की याच धाग्यावर टाकतो. नोंदणीपत्र, जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि चालू वर्षाचं नॉन-क्रिमिलेअर तयार ठेवा. वैधता प्रमाणपत्र नसेल तर आजच समितीकडे अर्ज टाका, त्यालाच सर्वांत जास्त वेळ लागतो.